नव्वदच्या दशकातले बिगरफिल्मी अल्बम: माझे दहा, बी साइडवरून लावलेले

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तुम्ही १९९० च्या दशकातल्या भारतीय बिगरफिल्मी अल्बमची टॉप टेन बनवताय, सध्या अलिशा चिनॉयचा 'मेड इन इंडिया' एक नंबरला, युफोरिया बँडचा 'धूम' दोनला, दलेर मेहंदीचा 'बोलो ता रा रा' तीनला, लकी अलीचा 'सुनो' चारला, पण दर आठवड्याला क्रम बदलतोय, आणि मित्र म्हणतायत की ही यादीबिदी काही नाही, नुसता नॉस्टॅल्जिया आहे. मग निकष काय लावायचा आणि एक नंबरला नक्की काय ठेवायचं.

मी त्या काळात साउंड इंजिनियर होतो. सुरुवातीला केबल गुंडाळणारा असिस्टंट, नंतर हळूहळू मास्टर तयार करण्याचं काम माझ्याकडे यायला लागलं, म्हणजे गाणी मिक्स होऊन आली की त्यांचा क्रम लावायचा, मधले गॅप ठरवायचे, आवाजाची पातळी एकसारखी करायची आणि ए साइड बी साइड, म्हणजे कॅसेटच्या दोन बाजू, पाडून द्यायच्या. तेव्हापासून याद्या करायची सवय आहे आणि तुमची जी अडचण आहे ती मला ओळखीची वाटते. निकष सापडत नाही ही अडचण दुय्यम आहे हो. तुमच्या यादीतली पहिली तिन्ही नावं बघा, तुम्ही त्यातलं एकेक गाणंच आठवून क्रम लावलाय, आणि गाण्यापेक्षाही त्याचा व्हिडिओ. 'मेड इन इंडिया'च्या व्हिडिओत मिलिंद सोमण खोक्यातून बाहेर येतो ते तुम्हाला लख्ख आठवतंय, पण त्याच कॅसेटवरचं बी साइडचं दुसरं गाणं गुणगुणून दाखवा म्हटलं तर? म्हणून क्रम हलतोय. ज्या आठवड्यात जे गाणं कानावर पडतं तो अल्बम वर सरकतो.

यात तुमचा दोष नाही, ते दशकच तसं होतं. १९९१ नंतर केबल आणि सॅटेलाइट टीव्ही घराघरात आला, १९९४ ला चॅनल व्ही सुरू झालं, १९९६ ला एमटीव्ही इंडिया आलं, आणि या चॅनल्सना चोवीस तास दाखवायला काहीतरी हवं होतं. फिल्मी गाण्याचा व्हिडिओ निर्मात्याच्या पैशाने आपोआप तयार व्हायचा, बिगरफिल्मी गाण्याचा कंपनीला स्वतःच्या खिशातून करावा लागायचा. सगळ्या गाण्यांचे व्हिडिओ करणं कुणालाच परवडण्यासारखं नव्हतं, मग एक गाणं निवडायचं, फार तर दोन, सगळं बजेट तिथे ओतायचं आणि त्या एका गाण्यावर अख्खी कॅसेट विकायची.

दुसरं एक कारण आहे, त्याबद्दल कमी बोललं जातं. त्या वेळचे बरेचसे बिगरफिल्मी संगीतकार जाहिरातीतून आले होते. लेस्ली लुईस जिंगल्स करायचा, हरिहरन जिंगल्स गायचे, दोघांची जोडी तिथेच जमली. रहमान 'रोजा'च्या आधी जिंगल्सच करत होता. शंतनू मोईत्रा आणि प्रसून जोशी दोघंही जाहिरातक्षेत्रातले. आता तीस सेकंदांत माणसाला पकडायची ज्याला सवय आहे तो गाण्याचा मुखडा जबरदस्तच बांधणार. पण चाळीस-पंचेचाळीस मिनिटं माणसाला धरून ठेवणं हे वेगळं कसब आहे, ते जिंगलमध्ये शिकता येत नाही, काहींनी ते शिकून घेतलं आणि काहींना गरजच पडली नाही कारण कॅसेट तशीही विकली जात होती.

आता कॅसेटचं गणित सांगतो म्हणजे माझा निकष कुठून आला ते कळेल. कॅसेटमधली टेप लागेल तेवढ्याच लांबीची भरली जायची, आणि ती लांबी ठरायची दोन बाजूंपैकी जी मोठी तिच्यावरून. एक बाजू चोवीस मिनिटांची झाली आणि दुसरी अठराची, तर सहा मिनिटं कोरी टेप चालत राहणार, पैसे वाया आणि वर ऐकणाऱ्याला वाटणार की कॅसेट खराब निघाली. म्हणून दोन्ही बाजू जवळपास सारख्या करायच्या, आणि त्यासाठी कितीतरी वेळा गाण्यांचा क्रम मिनिटं-सेकंदांच्या बेरजेवर ठरायचा, भावाबिवाचा विचार नंतर, वेळ उरला तर. ठरलेला साचा असा की हिट होणारं गाणं ए साइडला पहिलं. त्याच्या खालोखालचं बी साइडला पहिलं, कारण माणूस कॅसेट उलटून लावतो तेव्हा त्याला लगेच काहीतरी मिळालं पाहिजे. बाकीची मधे कुठेतरी. आणि बी साइडचा शेवट म्हणजे अडगळीची खोली, तिथे त्याच हिट गाण्याचं रीमिक्स, नाहीतर इन्स्ट्रुमेंटल, नाहीतर सॅड व्हर्जन. म्हणजे आठ गाण्यांच्या कॅसेटमध्ये खरी गाणी सहाच.

म्हणून माझा निकष एकच आहे, बी साइड. ए साइडचं पहिलं गाणं बाजूला ठेवायचं, ते ऐकायचंच नाही, आणि सुरुवात बी साइडपासून करायची, पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, मधे काही पुढे न ढकलता. त्यानंतर स्वतःला विचारायचं की आता कॅसेट उलटून ए साइड लावावीशी वाटतेय का. वाटत असेल तर तो अल्बम, नसेल तर ते एक चांगलं गाणं आणि त्याच्याबरोबर आलेली इतर गाणी. हे ऐकायला क्रूर वाटतं, पण नॉस्टॅल्जियावर मला तरी दुसरा उपाय सापडलेला नाही, कारण आठवणी चिकटतात त्या हिट गाण्याला, बी साइडच्या तिसऱ्या गाण्याला सहसा कुणाचं पहिलं प्रेम वगैरे चिकटलेलं नसतं, ते बिचारं स्वतःच्या जिवावर उभं असतं.

एक प्रॅक्टिकल गोष्ट, स्ट्रीमिंगवर हे करताना क्रम तपासून घ्या. जुने अल्बम तिथे येताना गाणी पुढेमागे झालेली असतात, कधी एखादं गायब असतं, कधी दोन अल्बम एकत्र करून 'बेस्ट ऑफ' म्हणून टाकलेले असतात. मूळ कॅसेटच्या इनले कार्डाचा फोटो शोधा, जुन्या कॅसेट विकणारे लोक टाकतात, त्यावर दोन्ही बाजू छापलेल्या असतात. शफल बंद हे वेगळं सांगायला नको.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी, त्या आधीच ठरवून टाका नाहीतर वाद संपणार नाही.

पहिली म्हणजे दशक कुठून कुठे. १९९० ते १९९९ धरलं तर एक यादी, १९९१ ते २००० धरलं तर दुसरी, आणि फरक किरकोळ नाही, कारण इंडियन ओशन या बँडचा 'कांदिसा' २००० चा आहे, 'पिया बसंती' पण २००० चा, आणि दुसऱ्या टोकाला रवि शंकर आणि फिलिप ग्लास यांचा 'पॅसेजेस' १९९० चा. मी १९९० ते १९९९ धरतो. 'कांदिसा' बाहेर जातो याचं मला दुःख आहे, पण आवडत्या अल्बमसाठी नियम वाकवला की पुढे प्रत्येकासाठी वाकवावा लागतो.

दुसरी, काय धरायचं. शुद्ध शास्त्रीय रेकॉर्डिंग मी धरत नाही. ती कमी आहेत म्हणून नाही, पण एखाद्या कलाकाराने तासभर मांडलेला राग आणि आठ गाण्यांची कॅसेट यांना एका रांगेत उभं करायला मला कुठलाही प्रामाणिक मार्ग दिसत नाही. गझल धरतो. फ्यूजन, म्हणजे भारतीय आणि परदेशी संगीताचा मेळ, धरतो, अट एवढीच की मुख्य कलाकारांपैकी निदान एक भारतीय हवा आणि त्याने नुसती चव आणण्यापुरतं वाजवलेलं नसावं. भाषेची अट नाही, पण अर्थात मला मराठी आणि हिंदी कळतं, तमिळ नाही बंगाली नाही, तर त्या भाषांतलं दशक माझ्या यादीत नाही आणि म्हणून ही यादी 'भारताची' नाहीच, माझी आहे.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, यादी कशासाठी. कुणी कुणावर प्रभाव पाडला, कुणामुळे दरवाजा उघडला अशी यादी करायची असेल तर तुमचा 'मेड इन इंडिया' एक नंबरला अगदी बरोबर आहे, मी सही करून देतो. पुन्हापुन्हा ऐकण्याची यादी करायची असेल तर सगळं उलटंपालटं होतं. दोन्ही यादी खऱ्या, पण त्या एकमेकांत मिसळल्या की तुमचं झालंय तसं होतं.

क्रम लावायची रीत फार सोपी आहे. मार्क देऊ नका. शब्दांना इतके, चालीला इतके, अरेंजमेंटला इतके अशी बेरीज केली की सगळीकडे बऱ्यापैकी असलेला आणि कुठेच जीव न लावणारा अल्बम वर येतो, आणि शिवाय आज दिलेले सात उद्याच्या मूडमध्ये साडेआठ होतात. त्यापेक्षा दोनदोन अल्बम समोरासमोर ठेवा. आत्ता दोन्हीपैकी एकच अख्खा ऐकायचा तर कुठला? नवा अल्बम यादीत घालताना मधल्या नंबरपासून सुरुवात करा, त्याच्याशी तुलना, जिंकला तर वरच्या अर्ध्यात, हरला तर खालच्या. असं केलं की वरचे तीन आणि शेवटचा पटकन पक्के होतात. चार ते नऊमध्ये जी घुसळण चालते ती चालू द्या, तिथे फरक खरंच कमी असतो.

तर माझा क्रम, खालून वर.

दहाव्या नंबरवर 'मेड इन इंडिया', १९९५. ही एकच जागा मी प्रभावासाठी राखून ठेवलीय. बिड्डू म्हणजे 'कुंग फू फायटिंग' आणि 'आप जैसा कोई'चा माणूस, हूक, म्हणजे डोक्यात बसून राहणारी ओळ, कसा बांधायचा हे त्याला कुणी शिकवायला नको, आणि अलिशाचा आवाज त्या ढोलाच्या ठेक्यावर काय सुंदर बसतो. बी साइडवर मात्र अल्बम टिकत नाही. पण ही कॅसेट चालली नसती तर पुढच्या पाच वर्षांत जे झालं त्यातलं बरंच कंपन्यांनी केलंच नसतं, म्हणून दहा.

नऊ, हरिहरन आणि झाकीर हुसेन यांचा 'हाजिर', १९९२. गझलच्या कॅसेटचा नेहमीचा प्रश्न म्हणजे तबला मागे कुठेतरी चालू राहतो आणि मधल्या जागा संतूर नाहीतर व्हायोलिनने भरून काढतात. इथे तबला बोलतो, शेराच्या दोन ओळींच्या मधे गायकाला उत्तर देतो, आणि तरी शब्दावर चढत नाही. हेडफोनवर ऐका. जगजीत-लता यांचा 'सजदा' (१९९१) ठेवावा का यावर मी पुष्कळ घोळलो, दोन महान आवाज आहेत, पण लांबी जास्त आणि गती एकच, दुसऱ्या अर्ध्यात माझं लक्ष उडतं.

आठवर 'अब के सावन', १९९९. शुभा मुद्गल यांचा कसलेला ख्याल-ठुमरीचा आवाज, शंतनू मोईत्राचं संगीत, प्रसून जोशीचे शब्द. अशा आवाजाला पॉपमध्ये आणताना बहुतेक लोक एकतर त्याला कापून गुळगुळीत करतात किंवा मागे ड्रम मशीन लावून मोकळे होतात, इथे आवाजाला पूर्ण मोठा राहू दिलाय.

सात, सिल्क रूट या बँडचा 'बूँदें', १९९८. मोहित चौहान फिल्मी गायक व्हायच्या आधीचा. 'डूबा डूबा' सगळ्यांना माहीत आहे, पण त्या अल्बमचं खरं वैशिष्ट्य म्हणजे कुणी कुणाला ढकलत नाही, गिटार, बासरीसारखं ते रेकॉर्डर, आवाज, सगळे आपापल्या जागी निवांत. इंजिनियर म्हणून सांगतो, असं मिक्स करायला धीर लागतो, कारण क्लायंट मागे उभा राहून 'थोडा और पंच' म्हणत असतो.

सहाला 'कोलोनियल कझिन्स', हरिहरन आणि लेस्ली लुईस या जोडीचा, १९९६. तुमच्या यादीत हा नाहीच हे बघून नवल वाटलं. 'कृष्णा नी बेगने बारो' ही व्यासतीर्थांची कन्नड रचना, शेकडो वर्षं गायली जातेय, आणि तिच्या आधी इंग्रजी कडवं ठेवणं म्हणजे तेव्हा लोकांना वेडेपणा वाटण्यासारखी गोष्ट, पण हरिहरन जेव्हा आत शिरतात तेव्हा जोड कुठे आहे ते कळतच नाही. मग सहावर का? कारण काही इंग्रजी गाण्यांचे शब्द आज फार भाबडे वाटतात, विश्वशांती वगैरे, आणि बी साइडला ते जाणवतं.

पाच, 'वंदे मातरम्', १९९७. स्वातंत्र्याच्या पन्नास वर्षांसाठी केलेला अल्बम म्हटल्यावर अपेक्षा असते कोरस, बिगुल आणि छाती फुगवलेला निवेदक. रहमानने स्वतः गायलं, आणि तो उंच पट्टीत जो ताण घेतो, आवाज फाटेल की काय असं वाटतं, त्यानेच 'माँ तुझे सलाम' खरं वाटतं, एखाद्या जास्त तयार गायकाने ते सहज गायलं असतं आणि मजा गेली असती. पण माझा निकष इतर गाणी, आणि इथे ती भक्कम आहेत. 'गुरूज ऑफ पीस'मध्ये नुसरत फतेह अली खान आहेत, अल्बम ऑगस्ट १९९७ मध्ये आला आणि त्याच महिन्यात ते गेले. 'रिव्हायव्हल' ऐकून बघा, 'वंदे मातरम्'सारखं इतकं वापरलेलं गाणं पुन्हा कानाला नवं कसं करायचं त्याचा तो धडा आहे.

चारवर 'सुनो', १९९६. तुमच्याकडे पण चारवरच आहे, तेवढं तरी जमलं आपलं. तेव्हा सगळे गायक तयारीचे होते, मुरक्या, ताना, दमसास, आणि लकी अली आला तो बोलल्यासारखा गाणारा, किंचित घोगरा, मधूनच सुराच्या कडेवर रेंगाळणारा. अशा आवाजामागे मोठा ऑर्केस्ट्रा लावला असता तर तो बुडालाच असता. अल्बमचा प्रोड्यूसर मिकी मॅकक्लिअरीने जे केलं ते म्हणजे जागा सोडली, गिटार समोर, बाकी सगळं लांब. इजिप्तमधल्या व्हिडिओमुळे 'ओ सनम' गाजलं पण ते गाणं काढून घेतलं तरी अल्बमची हवा तशीच राहते, या दशकातल्या फार कमी कॅसेटबद्दल हे म्हणता येतं. काहीजण १९९८ चा 'सिफर' याच्याही वर ठेवतात, माझं त्यांच्याशी भांडण नाही, एकट्या कलाकाराचा किंवा बँडचा एकच अल्बम हा माझा नियम म्हणून तो इथे दिसत नाही.

तीन, इंडियन ओशनचा 'डेझर्ट रेन', १९९७. यांचा पहिला अल्बम १९९३ चा, मग चार वर्षं काही नाही, आणि मग हा, तोही दिल्लीत 'सहमत' या कलाकारांच्या संस्थेच्या कार्यक्रमात थेट रेकॉर्ड केलेला. सुस्मित सेनची गिटार, राहुल रामचा बेस, अमित किलमचे ड्रम्स आणि अशीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गाणारा. थेट रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक माइकमध्ये बाकीच्यांचा आवाज शिरलेला असतो, त्यामुळे नंतर एखादं वाद्य काढून पुन्हा वाजवून घ्यायची सोय फारशी उरत नाही, जे झालं ते झालं. ते इथे ऐकू येतं आणि चांगल्या अर्थाने ऐकू येतं, कुठे लय किंचित पुढे पळते, मग चौघं एकमेकांना सावरतात. एकही गाणं तीन मिनिटांत उरकायचं म्हणून बांधलेलं नाही आणि शब्द तर फारच कमी. बी साइडचा निकष इथे लावायचीच गरज पडत नाही, हिट असं काही नाहीच.

दोन, 'गारवा'. इथे तुम्ही म्हणणार की मराठी म्हणून झुकतं माप. ऐकून घ्या. नव्वदीच्या अगदी शेवटी आलेला हा अल्बम, सौमित्र यांच्या कविता आणि मिलिंद इंगळे यांचं संगीत आणि आवाज. यात त्यांनी एक गोष्ट केली जी त्या दशकात जवळपास कुणी केली नाही, गाण्यांच्या मधे कवीने स्वतःच्या आवाजात कविता म्हटली आणि ती कविता पुढच्या गाण्यात नेऊन सोडली. म्हणजे क्रम हाच अल्बमचा सांगाडा झाला. माझ्यासारख्या माणसाला, ज्याने स्टॉपवॉच घेऊन क्रम लावलेत, त्याला हे काय होतं ते कळतं, कारण आता बेरजेसाठी चौथं गाणं उचलून सातव्या जागी टाकता येत नाही, अख्खं तुटतं. बोलणं आणि गाणं यांच्या पातळ्या जुळवणं पण सोपं नसतं, बोललेला आवाज कानाच्या फार जवळ येतो आणि त्यानंतर सुरू होणारं गाणं लांब गेल्यासारखं वाटतं, इथे तो धक्का बसत नाही. आजही लोकांना या अल्बमचं विचारलं की बरेचजण आधी गाणं सांगत नाहीत, ती म्हटलेली कविताच म्हणून दाखवतात. पावसाळी भाबडेपणा आहे असं कुणी म्हणालं तर आहे, थोडा आहे. पण मधून उठावंसं वाटत नाही.

आणि एक नंबरला विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांचा 'अ मीटिंग बाय द रिव्हर'. १९९३ चा अल्बम, रेकॉर्डिंग सप्टेंबर १९९२ चं, कॅलिफोर्नियात सांता बार्बराला एका चॅपेलमध्ये. भट्टजींची मोहनवीणा म्हणजे तरफेच्या तारा चढवलेली स्लाइड गिटार, कूडरची बॉटलनेक स्लाइड गिटार, तबल्यावर सुखविंदर सिंग नामधारी आणि डुंबेक या हाताने वाजवायच्या तालवाद्यावर कूडरचा मुलगा ज्योआकिम, जो तेव्हा चौदा वर्षांचा होता. दोघा मुख्य वादकांची भेट रेकॉर्डिंगच्या तासाभर आधी झालेली. चारच तुकडे, मिळून चाळीसेक मिनिटं. याला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं हे सगळे सांगतात, पण मी त्यासाठी ठेवलेला नाही.

ठेवलाय तो दोन कारणांनी. एक म्हणजे रेकॉर्डिंगची पद्धत. एकाच जागी दोन माइक, एकमेकांना काटकोनात, याला ब्लमलाइन पद्धत म्हणतात, व्हॅक्यूम ट्यूबवाली उपकरणं आणि अ‍ॅनालॉग टेप. यात कुणाचा आवाज नंतर वरखाली करता येत नाही कारण प्रत्येकाचा वेगळा ट्रॅकच नसतो, तबला मोठा वाटला तर तबलजीला मागे सरकून बसवायचं, हाच तुमचा फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमीजास्त करायची दांडी. आपण त्याच काळात बत्तीस ट्रॅक भरून टाकण्यात धन्यता मानत होतो. हा अल्बम चांगल्या स्पीकरवर लावा, डोळे मिटा, कोण कुठे बसलंय ते बोटाने दाखवता येतं, आणि खोलीची आस, म्हणजे मागे घुमत राहणारा आवाज, पण ऐकू येते. दुसरं कारण वाजवण्याचं. फ्यूजनमध्ये बहुतेक वेळा दोन माणसं आपापला माल आलटून पालटून दाखवतात आणि शेवटी जोरात एकत्र येऊन टाळ्या घेतात. इथे कूडर राग वाजवायचा आव आणत नाही आणि भट्ट ब्लूजचे शिक्के मारत नाहीत. 'गँजेस डेल्टा ब्लूज' नाव ऐकून धास्ती वाटते की आता गंमतजंमत होणार, पण होत नाही. आणि शेवटचा तुकडा, 'ईसा लेई', फिजी बेटांवरचं निरोपाचं गाणं, म्हणजे दोघांपैकी कुणाच्याच घरचं नाही, दोघेही पाहुणे. कॅसेटच्या हिशोबात बी साइडचं शेवटचं गाणं ही अडगळीची जागा असते म्हणालो ना, तर इथे त्या जागेवर अल्बममधलं सगळ्यात हळुवार वादन आहे.

एका दमात पुन्हा: अ मीटिंग बाय द रिव्हर, गारवा, डेझर्ट रेन, सुनो, वंदे मातरम्, कोलोनियल कझिन्स, बूँदें, अब के सावन, हाजिर, मेड इन इंडिया.

'बोलो ता रा रा' आणि 'धूम' कुठे गेले असं विचाराल. दलेर मेहंदीची ऊर्जा मला मनापासून आवडते, त्या आवाजाला कॉम्प्रेसर (आवाजाची चढउतार आवरणारं उपकरण) लावायची पण गरज नसते, पण सलग दोन्ही बाजू ऐकल्या तर तिसऱ्या गाण्यानंतर कान थकतात, ही गाणी नाचताना एकेक करून ऐकायची आहेत आणि त्या कामात ती पहिल्या नंबरची आहेत. 'धूम'चं म्हणाल तर युफोरिया हा स्टेजवरचा बँड, पलाश सेन समोर उभा राहिला की पब्लिक त्याचं, ते सगळं त्या स्टुडिओ अल्बममध्ये उतरलंय असं मला वाटत नाही. बाबा सेहगलचा 'ठंडा ठंडा पानी' (१९९२) इतिहासात आहे, हिंदी रॅप घराघरात त्याने नेलं, पण त्या ठेक्याची वंशावळ 'आइस आइस बेबी' या इंग्रजी रॅप गाण्यापर्यंत आणि तिथून मागे 'अंडर प्रेशर' या रॉक गाण्यापर्यंत जाते, अल्बम म्हणून मला त्याच्यासाठी जागा करता आली नाही.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा की ही तिन्ही नावं फेकू नका, गाण्यांची वेगळी टॉप टेन करा आणि तिथे ती बिनधास्त वर ठेवा, मग अल्बमच्या यादीवरचा अर्धा ताण तिथेच जाईल. उरलेल्या अल्बमना बी साइड लावून बघा आणि जो क्रम येईल तो महिनाभर तसाच राहू द्या, मधे हात लावू नका. आणि तुम्ही दशक १९९१ ते २००० असं धरणार असाल तर आधीच सांगतो, 'कांदिसा' माझ्याकडे सरळ दोन नंबरला येतो, 'डेझर्ट रेन' एका कलाकाराच्या नियमाने उतरतो, आणि 'गारवा' तीनवर जातो, ज्यावरून मला आमच्या घरातच बोलणी खावी लागतील.